प्रकरण सातवे : आधी पायऱ्या मोजा, मग किलोमीटर

"मला झेपेल का रे?"

टोमॅटोचा हंगाम सरला, द्राक्षं उतरली, की आमच्या वारूळवाडीत आणि शेजारच्या नारायणगावात यात्रेची नावनोंदणी सुरू होते. कुणी काशी काढतो, कुणी तिरुपती-रामेश्वर, कुणी चारधाम. सत्तरी ओलांडलेली माणसं नाव द्यायच्या आधी घरातल्या कुणाला तरी बाजूला घेऊन हाच प्रश्न विचारतात. त्यावर "किती लांब आहे?" असं विचारून आपण लगेच उत्तर देतो. लांब असेल तर नको, जवळ असेल तर जा.

माझ्या मते चूक इथेच होते. बसमध्ये बसून तीनशे किलोमीटर गेलं तरी गुडघ्याला ते कळत नाही. तीनशे पायऱ्या मात्र घरापासून वीस किलोमीटरवर असल्या तरी कळतात. म्हाताऱ्या माणसाचा प्रवास चार गोष्टींवर मोजावा : पायऱ्या किती, उभं किती वेळ राहायचं, लघवीला कुठे जायचं आणि जेवण-गोळीची वेळ सांभाळली जाणार का. या चारांची उत्तरं मिळाली की "झेपेल का" याचं उत्तर आपोआप मिळतं.

१. आत्याची चक्कर

माझी थोरली आत्या बहात्तर वर्षांची असताना गावच्या मंडळींबरोबर एका तीर्थक्षेत्री गेली होती. पहाटे पाचला बस सुटली. वाटेत धड शौचालय मिळेल की नाही या धास्तीने तिने घरून निघताना चहासुद्धा घेतला नाही, पाण्याला तर शिवलीच नाही. त्या दिवशी चतुर्थी होती, म्हणजे उपास. सवयीप्रमाणे बीपीची आणि साखरेची गोळी मात्र तिने घेतली. दर्शनाची रांग दोन तास सरकत होती. मध्ये बाक दिसला म्हणून ती टेकली, रांग पुढे गेली तशी घाईने उठली आणि जागेवरच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" आत्याने कमरेचा बटवा पुढे केला. प्रत्येक गोळी कात्रीने सुटी कापलेली होती, म्हणजे जागा कमी लागते. पाठीमागे औषधाचं नाव छापलेलं असतं, ते मधोमध चिरलं गेलं होतं. एका तुकड्यावर शेवटची तीन अक्षरं, दुसऱ्यावर निम्मी तारीख, तिसरा कोरा. "ही पांढरी सकाळची, ही गुलाबी रात्रीची," एवढंच तिला सांगता येत होतं. सुदैवाने सलाईन आणि साखर यावर भागलं. संध्याकाळी ती उठून बसली आणि "दर्शन राहिलं" म्हणून रडली.

या एका चक्करेत चार वेगवेगळ्या चुका होत्या. एकेक सुटी करून पाहू.

२. तहान लागत नाही, तरी पाणी लागतं

घरावरच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी खाली गेलं की तो खाली येतो आणि मोटर सुरू होते. फ्लोट जुना झाला की अडकतो. टाकी रिकामी होत आली तरी मोटरीला खबर लागत नाही. वय वाढतं तशी आपली तहान अशीच अडकते. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, पण घशाला कोरड पडत नाही. त्यातच मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकदही उतरलेली असते. म्हणून "तहान लागली की पिऊ" हा तरुणपणचा हिशोब सत्तरीत चालत नाही. घड्याळ बघून प्यायचं, दर तासाला अर्धा पेला. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं आहे, त्यांनी अर्थातच आपलंच माप पाळायचं.

पण खरी अडचण पाण्याची नाहीच, ती शौचालयाची आहे आणि बायकांच्या बाबतीत ती फार मोठी आहे. रस्त्याकडेला आडोसा पुरुषांना सापडतो, बाईला सापडत नाही. याचा उपाय बाईने तहानलेलं राहणं हा नव्हे. गाडी ठरवतानाच बोलून घ्यायचं : दर दोन तासांनी थांबा आणि तो पेट्रोल पंपावर किंवा स्वच्छ सोय असलेल्या हॉटेलवर. हे बोलायला आपल्याकडच्या बायका लाजतात, म्हणून ते घरातल्या तरुणाने बोलावं. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. प्रवासाच्या दिवशी ती गोळी कधी घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मनाने बंद करू नये.

३. उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी का येते

ठिबक ज्यांच्या शेतात आहे त्यांना हे लगेच समजेल. व्हॉल्व्ह उघडला की पहिल्या झाडापाशी थेंब लगेच पडतो, पण ओळीच्या शेवटच्या झाडापर्यंत दाब पोचायला वेळ लागतो. माणूस बराच वेळ बसला की रक्त पायांत उतरून राहतं. झटकन उठलं की डोकं हे ओळीतलं शेवटचं झाड होतं. तरुण शरीर नसा आवळून क्षणात दाब सावरतं. वय झालेलं शरीर, त्यात बीपीची गोळी आणि कमी पडलेलं पाणी, मागे राहतं.

म्हणून उठायची एक पद्धत ठेवावी. बसल्या जागी पावलं दहा वेळा वर-खाली करायची, मग उभं राहायचं, काहीतरी धरून सावकाश दहा अंक म्हणायचे आणि मगच पहिलं पाऊल टाकायचं. रात्री धर्मशाळेत किंवा लॉजवर लघवीला उठताना हे जास्तच पाळायचं. जागा अनोळखी, दिव्याचं बटण सापडत नाही, न्हाणीघराचा उंबरा नेमका किती उंच ते ठाऊक नाही. उशाशी छोटी बॅटरी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी खाटेपासून न्हाणीपर्यंत एकदा चालून बघावं. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी घडीची कमोडखुर्ची बरोबर न्यावी. बसच्या डिकीत ती एका पिशवीची जागा घेते, पण पंधरा दिवसांच्या यात्रेत तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

४. गोळ्यांचा हिशोब

समजा यात्रा दहा दिवसांची आहे आणि रोज तीन गोळ्या लागतात. तर तीस नव्हे, बेचाळीस घ्यायच्या, म्हणजे चौदा दिवसांच्या. दरड कोसळते, गाडी रद्द होते. गोळ्यांचे दोन वाटे करायचे, एक आपल्या हातपिशवीत, दुसरा सोबत्याच्या. पाकिटं कापायची नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स दोन्हीकडे ठेवायची.

साखरेच्या गोळ्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. काही गोळ्या जेवणातून आलेली साखरच तेवढी आवरतात. काही मात्र जेवण होवो न होवो, साखर खाली ओढतच राहतात. आपली गोळी कुठल्या जातीची, हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावं. दुसऱ्या जातीची असेल तर उपास आणि ती गोळी एकत्र चालत नाहीत. रांगेत हात थरथरले, घाम सुटला, एकदम भूक लागली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच तोंडात टाकायचं आणि देवदर्शन पंधरा मिनिटं लांबवायचं. कमरेच्या बटव्यात सुट्या गोळ्यांऐवजी ही साखरेची पुडी हवी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बसच्या डिकीत कधीही टाकू नये. उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलं तरी पुष्कळ काम होतं, फक्त बाटलीत पाणी शिरता कामा नये. उलट बद्रीनाथसारख्या थंडीत ते गोठू द्यायचं नाही. स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचं. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं.

५. लेण्याद्री आणि भीमाशंकर : उलट्या दोन परीक्षा

अष्टविनायकांतले दोन गणपती आपल्या उंबऱ्याशी आहेत. ओझरचा विघ्नहर सपाटीवर, कुकडीच्या काठी. लेण्याद्रीचा गिरिजात्मज डोंगरात, सातव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात. दोन्ही ठिकाणं नारायणगावपासून सकाळची न्याहारी करून जाण्यासारखी आहेत. फरक पायऱ्यांचा. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास आहेत.

हिशोब करू. सावकाश चालीने मिनिटाला वीस पायऱ्या चढल्या तर तीनशे पायऱ्यांना पंधरा मिनिटं. दर पन्नास पायऱ्यांना तीन मिनिटं टेकायचं, म्हणजे वाटेत पाच विसावे, आणखी पंधरा मिनिटं. अर्ध्या तासात माणूस वर पोचतो, धाप न लागता. विसावे न घेता चढणाराही वीस मिनिटं घेतोच, आणि वर गेल्यावर दहा मिनिटं छाती धरून बसतो. वेळ सारखाच लागतो, हाल मात्र वेगळे. सकाळी लवकर निघावं, कारण ऊन चढलं की कातळ तापतो. न झेपणाऱ्यांसाठी डोली मिळते. डोलीत बसण्यात कमीपणा मानू नये. माकडं फार आहेत, म्हणून हातात प्लास्टिकची पिशवी किंवा उघडा खाऊ नको. पिशवी ओढली गेली की माणूस ती वाचवायला वळतो आणि पायरीवर तोल जातो.

उतरणं चढण्याहून सोपं, असं सगळे समजतात. फुप्फुसाला ते सोपं आहे, गुडघ्याला नाही. माळशेज उतरताना अनुभवी ड्रायव्हर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडत नाही, गिअर खाली घेतो. पायऱ्या उतरताना आपला गुडघा ब्रेकचं काम करतो आणि प्रत्येक पायरीला अंगाचा सगळा भार त्यावर येतो. चढताना चांगला पाय आधी वर टाकायचा, उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, त्याने भार कमी होण्याऐवजी अंग त्याच बाजूला कलतं. घरच्या दोन पायऱ्यांवर आठवडाभर सराव केला तरी पुरे.

भीमाशंकरला गोष्ट नेमकी उलटी. मंचर-घोडेगाववरून आपण गाडीने वर पोचतो आणि देवळाकडे दोनशेहून जास्त पायऱ्या खाली उतरायच्या असतात. जाताना सगळे हसत उतरतात. रांगेत उभं राहून पाय थकले की मग चढ सुरू होतो. लेण्याद्रीला "नाही जमत" म्हणून मध्येच परत फिरता येतं, भीमाशंकरला खाली गेलं की वर यावंच लागतं. म्हणून खाली उतरायच्या आधी वरच बसून काहीतरी खाऊन घ्यावं, आणि खाली अर्धा तास विसावा घेण्याचा वेळ दिवसाच्या आखणीत धरावा.

बाकीचे सहा गणपती, म्हणजे मोरगाव, थेऊर, रांजणगाव, सिद्धटेक, महड आणि पाली, ओझर-लेण्याद्रीबरोबर दोन दिवसांत कोंबून उरकायची रीत पडली आहे. वयस्क माणसाला ती मानवत नाही. आपण इथलेच आहोत, तर ओझर-लेण्याद्री वेगळ्या दिवशी करावं. आणि अंगारकीला मुळीच जाऊ नये. देव दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, रांग मात्र नसते.

६. पहाटेची गाडी, ऊस आणि दीडपट

वाडी-वस्तीवरून मुख्य रस्त्याला यायचं तर पहाटे चारला अंधारात उसाच्या कडेने चालावं लागतं. जुन्नर-आंबेगावात बिबट्याचा धोका खरा आहे. बिबट्या उसात राहतो, तिथेच पिल्लं देतो. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र उभं आहे, ते उगाच नव्हे. उभा माणूस त्याला सहसा भक्ष्य वाटत नाही. वाकलेला, बसलेला माणूस वाटू शकतो. म्हणून एकट्या म्हाताऱ्या माणसाने पिशवी घेऊन पायी निघू नये. घरच्या कुणीतरी मोटारसायकलवर किंवा गाडीत नाक्यापर्यंत सोडावं, बॅटरी लावावी, मोठ्याने बोलावं आणि लघवीसाठी उसाच्या बांधावर बसू नये.

दुसरी गोष्ट, नारायणगावला बाहेरून बायपास झाल्यापासून प्रत्येक गाडी गावात येतेच असं धरू नये. चढण्यापूर्वी कंडक्टरला विचारावं, "स्टँडवर जाणार ना?" रात्री बायपासला उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाची फार वाईट अवस्था होते.

आणि वेळ दीडपट धरावा, हा माझा स्वतःचा नियम. पुणं साधारण पंचाहत्तर किलोमीटर. पुतण्या म्हणतो, "अडीच तासांत स्टेशनला." चाकणची कोंडी त्याने धरलेली नसते, तुमचा लघवीचा थांबाही नसतो. अडीचची दीडपट पावणेचार. दहाची रेल्वे असेल तर सव्वासहाला नव्हे, पावणेसहालाच निघायचं. लवकर पोचून फलाटावर बसणं कंटाळवाणं असतं, पण जिने धावत चढणं धोक्याचं असतं.

७. तिकीट : सवलत कुठे आहे, कुठे नाही

एसटीत पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना राज्यात प्रवास मोफत आहे. ही 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं. राज्याची हद्द ओलांडली की पुढच्या टप्प्याचं पूर्ण भाडं लागतं, तेवढे पैसे सुटे ठेवावेत.

आपल्या पिढीचा एक घोळ इथे आडवा येतो. शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लावलेला, आधारवर वेगळीच तारीख, पासपोर्टवर तिसरी. कंडक्टर आधार बघतो आणि तुमचं वय त्यावर ठरतं. वाद घालून उपयोग नसतो. मोठ्या प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी सगळी कागदं टेबलावर मांडून तारखा आणि नावाचं स्पेलिंग जुळवून घ्यावं.

रेल्वेतली ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २० मार्च २०२० पासून बंद झाली, तिच्यावर विसंबून खर्च मांडू नये. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे : पुरुषाला ६० वर्षांपासून, बाईला ४५ पासून. त्याची खोच अशी की त्या कोट्यात एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी चालतात. मुलगा, सून, नातू, आई आणि वडील अशा पाचांचं एकत्र तिकीट काढलं की आईला वरचा बर्थ येऊ शकतो. आई-वडिलांचं तिकीट ज्येष्ठांच्या कोट्यात वेगळं काढावं, बाकीच्या तिघांचं वेगळं. डबा कदाचित बदलेल, पण सत्तरीच्या बाईने शिडी चढण्यापेक्षा ते परवडतं. रेल्वेत काहीही अडचण आली तर १३९, इतरत्र ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८, हे तीन आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवावेत.

८. केदारनाथ : हेलिकॉप्टरने सगळं सोपं होत नाही

आपण राहतो ते समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आतबाहेर. केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. घरच्या तीन भाकरींऐवजी दोनच मिळाल्या तर शरीर चालेल, पण त्याला सवय व्हायला दिवस लागतात.

गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरची चढण असल्यामुळे मुलं प्रेमाने म्हणतात, "आईला हेलिकॉप्टरने नेऊ." गुडघे वाचतात हे खरं. पण खालच्या दरीतून काही मिनिटांत इतक्या उंचीवर गेल्यावर हृदय-फुप्फुसाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हृदयविकार, दमा, अनियमित बीपी असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. वाटेत थोड्या थोड्या उंचीवर मुक्काम करत जावं, आणि हेलिकॉप्टरने गेलं तर वर मुक्काम न करता दर्शन घेऊन खाली यावं. डोकेदुखी, मळमळ हे पहिले इशारे. बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर त्यावरचा पहिला उपाय म्हणजे तातडीने खाली उतरणं, रात्र असली तरी. हेलिकॉप्टरचं आरक्षण आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या अधिकृत संकेतस्थळावरच करावं. फोनवर पैसे मागणाऱ्या बनावट दलालांनी पुष्कळांना लुबाडलं आहे.

९. गर्दीत चुकामूक

पंढरपूर असो की नाशिकचा २०२६-२७ चा सिंहस्थ, गर्दीत म्हातारं माणूस मागे राहतं. मोबाईल असतो, पण चार्जिंग संपलेलं, नाहीतर त्यात मुलाचा नंबर 'बाळू' या नावाने. शोधणाऱ्या पोलिसाला बाळू कोण हे कसं कळणार? आत्याच्या झंपराला आता मी आतून एक कापडी खिसा शिवून घेतला आहे. त्यात प्लास्टिकमध्ये घातलेला कागद : नाव, गाव वारूळवाडी, तालुका जुन्नर, दोघांचे मोबाईल नंबर, आजार, गोळ्यांची नावं, बसचा क्रमांक. मुक्कामाच्या जागेचं नाव रोज संध्याकाळी बदलून लिहायचं, एवढंच काम उरतं.

प्रत्येक ठिकाणी उतरताच भेटायची जागा ठरवावी, आणि ती हलणारी नको. "चहावाल्यापाशी" म्हणू नये, "दीपमाळेपाशी" म्हणावं.

१०. परतल्यावर

चार तासांहून जास्त बसून केलेला प्रवास, मग तो बसचा असो की अमेरिकेतल्या लेकीकडून येतानाचा विमानाचा, पायातलं रक्त साकळवू शकतो. पोटरी हा पायातलं रक्त वर ढकलणारा पंप आहे. बसून राहिलं की तो बंद पडतो. म्हणून बसल्या जागी टाचा उचलत राहायचं, दोन तासांनी चार पावलं चालायचं. विमानतळावर चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेवावी, तिचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.

दोन्ही पाय थोडे सुजले तर एक-दोन दिवस पाय उंचावर ठेवून झोपल्यावर ते बहुधा उतरतात. एकच पाय सुजला, पोटरी दाबल्यावर दुखली किंवा गरम लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. छातीत दुखून एकाएकी धाप लागली तर क्षणाचाही वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा. हे घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही होऊ शकतं. तोवर यात्रेचा प्रसाद वाटून झालेला असतो, माणूस पुन्हा रानात जायला लागलेला असतो आणि त्या दुखण्याचा प्रवासाशी संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. डॉक्टरही विचारतीलच असं नाही. "मी यात्रेहून आलेय, इतके तास बसून होते," हे आपणच त्यांना पहिल्या वाक्यात सांगायचं.